दोन वर्षांच्या आतलं बाळ आणि आयबीडी : "इतक्या लवकर का?" हे कुणीतरी विचारायला हवं

ओंजळ

हा धागा काढायचं खूप दिवस मनात होतं. आयबीडी म्हणजे आतड्याची दीर्घकाळ राहणारी सूज. ज्या आईबाबांना आज याची गरज आहे त्यांच्यासाठी लिहितेय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. ती सात आठवड्यांची असताना लंगोटात पहिल्यांदा रक्त दिसलं. शेंबडासारखी आव आणि तिच्यात लाल दोरे. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल, असं आम्हाला सांगितलं. मी दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ सोडले, मग खास ॲलर्जीचं पावडरचं दूधही देऊन झालं. रक्त थांबेना. दहाव्या आठवड्यात ताप सुरू झाला. तो उतरायचा, परत यायचा. पाठीवर आणि मांड्यांवर पुवाच्या बारीक पुटकुळ्या उठल्या. तिसऱ्या महिन्यात लंगोट बदलताना शीच्या जागेशेजारी वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागली. ते गळू होतं. चिरा देऊन पू काढला, तीन आठवड्यांत ते पुन्हा भरलं आणि मग तिथे कायमची वाट पडली. फिस्टुला, म्हणजे आपलं भगंदर. चार महिन्यांच्या बाळाला!

वाढीच्या तक्त्यावर ती जन्मापासून मधल्या रेषेवर होती. पाचव्या महिन्यात सगळ्यांत खालच्या रेषेच्याही खाली गेली. तक्ता दर वेळी भरला जात होता, पण सगळे ठिपके जोडून कुणी बघितलं नाही. मीही नाही.

सहाव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाईल उघडण्याआधी प्रश्न विचारले. नाळ कधी पडली? तुम्ही दोघं नात्यातले आहात का? दोन्हीकडच्या घराण्यात तान्हं बाळ जंतुसंसर्गानं गेलंय का? तोंडात फोड येतात का? मग म्हणाल्या, "आतड्याला सूज आहे हे दिसतंच आहे. इतक्या लवकर का आली, ते आपण शोधू." सहा महिन्यांत हा प्रश्न आम्हाला प्रथमच कुणी विचारत होतं.

भूल देऊन दुर्बिणीनं तपासणी झाली. मोठ्या आतड्यात खोल व्रण होते. रक्त जनुकीय चाचणीला गेलं आणि आयएल१०आरए या जनुकात दोन बिघाड सापडले, एक माझ्याकडून आलेला, एक नवऱ्याकडून. आम्ही दोघं ठणठणीत आहोत आणि नात्यातलेही नाही.

पुढचं बीएमटीचं, म्हणजे बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांटचं, सवडीनं लिहिते. तोवर ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा, ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी विचारा.

---

रानजाई

ओंजळ, वाचताना हात गार पडले. तुम्ही लिहिताय हे फार मोलाचं आहे.

आमची गोष्ट वेगळी आहे, तीही इथे असावी. मुलगा चार वर्षांचा असताना दिवसाला आठ-दहा वेळा शी, रक्त, आणि रात्री झोपेतून उठून पळणं. पूर्ण मोठं आतडं सुजलेलं निघालं. आयबीडीचे मुख्य प्रकार दोन, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यांतला कुठला, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. रिपोर्टवर "अनक्लासिफाइड" लिहिलं होतं. ते वाचून मला वाटलं की काहीतरी चुकलंय, पण इतक्या लहान वयात असं पुष्कळदा होतं म्हणे. एक्झोम चाचणी केली, म्हणजे सगळ्या जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग वाचून बघितला. काहीही सापडलं नाही.

आधी स्टिरॉइड, मग ॲझाथायोप्रिन, आणि शेवटी इन्फ्लिक्सिमॅबवर (सूज वाढवणारं एक प्रथिन अडवणारं, सलाईनमधून द्यायचं औषध) गाडी रुळावर आली. लहान मुलांच्या शरीरातून हे औषध लवकर निघून जातं, त्यामुळे मोठ्यांच्या हिशेबातला डोस त्याला पुरेना. रक्तातली पातळी मोजून दोन डोसांमधलं अंतर कमी केलं, तेव्हा फरक पडला. आता सात वर्षांचा आहे आणि दोन वर्षांत रक्त नाही.

---

उंबरठा

माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. निदान मागच्या महिन्यात झालं. गुदद्वाराजवळ गळू झालं होतं, आतड्यात ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे बारीक पुंजके) दिसलेत, क्रोन्स म्हणाले. पुढच्या आठवड्यात इन्फ्लिक्सिमॅब सुरू होणार आहे.

मनापासून विचारतो, वाद घालायचा नाही. जनुक सापडलं काय, न सापडलं काय, औषध तर तेच ना? रानजाईंच्या मुलाला काही सापडलं नाही तरी तो बरा आहेच. आणखी सुया, आणखी वाट बघणं, आणि शेवटी एक लांबलचक नाव हातात. त्याचं करायचं काय?

---

कवडसा

मी लहान मुलांच्या पोटविकारांवर काम करते. इथे कुणाच्या मुलावर उपचार सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण उंबरठा, तुमचा प्रश्न तातडीचा आहे म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

सीजीडी नावाचा प्रतिकारशक्तीचा एक आजार आहे. त्यात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण गिळल्यावर त्यांना मारणारं रसायन तयार करू शकत नाहीत. अशा मुलांच्या आतड्याला सूज येते, गुदद्वाराशी गळवं होतात, ग्रॅन्युलोमा दिसतात. दुर्बिणीतून हे हुबेहूब क्रोन्ससारखं दिसतं. अशा मुलाला इन्फ्लिक्सिमॅब दिलं तर आतडं सुधारतंही, पण जंतूंविरुद्ध उरलेली ताकदही कमी होते. गंभीर बुरशीचे आणि जिवाणूंचे संसर्ग, मृत्यूसुद्धा, नोंदले गेलेले आहेत. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला असं चित्र असेल, तर पहिल्या डोसच्या आधी डीएचआर नावाची रक्तचाचणी झालीय का ते विचारा. थोडं रक्त लागतं आणि जनुकीय रिपोर्टसारखी आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ती केलेलीही असेल. नसेल तर तुम्ही विचारल्याचा त्यांना राग येणार नाही.

आता बाकीचं. सहा वर्षांच्या आत सुरू झालेल्या आयबीडीला आम्ही व्हीईओ-आयबीडी म्हणतो, म्हणजे फार लवकर सुरू झालेली. दोन वर्षांच्या आत असेल तर इन्फंटाइल, पहिल्या २८ दिवसांत असेल तर निओनेटल. वय जितकं कमी, तितकी एकाच जनुकाच्या बिघाडाची शंका जास्त घ्यायची.

मोठ्यांच्या आयबीडीत जनुकांचा वाटा असतो, पण वेगळ्या प्रकारे. क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक, एनओडी२, २००१ साली सापडलं. त्यानंतर जनुकसंचात दोनशेहून जास्त जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा धक्का अगदी थोडा. सगळे धक्के मिळून, त्यात आतड्यातले जंतू आणि परिस्थितीची भर पडून आजार होतो. तान्ह्या बाळात मात्र कधीकधी एकच खिळा निखळलेला असतो आणि सगळा डोलारा तेवढ्यानंच कोसळतो.

पण रानजाईंच्या मुलासारखी मुलंच जास्त असतात, हे ठळकपणे सांगते. टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयात आयबीडी असलेल्या १००५ मुलांचं एक्झोम तपासलं गेलं, तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. एकच जनुक कारणीभूत असलेली मुलं एकूण ३ टक्के निघाली, आणि सहा वर्षांच्या आतल्यांत सुमारे ८ टक्के. म्हणजे सहाच्या आतल्यांतही बहुतेकांत असं जनुक मिळालं नाही. तरीही शोधायचं, कारण ज्यांच्यात मिळतं त्यांच्या उपचारांची दिशाच बदलते.

ओंजळच्या मुलीसारखा आयएल-१० चा रिसेप्टर, म्हणजे सूज थांबवायचा निरोप घेणारा पेशीवरचा भाग, बिघडलेला असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटनं आजार मुळापासून जाऊ शकतो. उलट टीटीसी७ए या जनुकाचा बिघाड आतड्याच्या अस्तरातच असतो. तिथे मॅरो बदलून आतडं दुरुस्त होत नाही, बाळाला नुसता त्रास होतो. एलआरबीए किंवा सीटीएलए४ चा बिघाड असेल तर अबाटासेप्ट हे औषध प्रतिकारशक्तीचा नेमका तो कमी पडलेला ब्रेक भरून काढतं. ही तिन्ही मुलं एकाच वॉर्डात शेजारीशेजारी असतील, तिघांच्या लंगोटात तेच रक्त असेल, आणि तिघांचा उपचार वेगळा. नावाचं करायचं काय, तर हे.

---

अबोली

माझं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. गेले दहा दिवस शीत रक्ताची रेघ दिसते. कधी दिसते, कधी नाही. ताप नाही, हसतं, वजन वाढतंय. हा धागा वाचून काल रात्रभर झोपले नाही. मीही जनुकीय चाचणी करून घेऊ का? कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शीची तपासणी) केलं, ते ३०० च्या आसपास आलं आणि रिपोर्टवर "५० च्या आत हवं" असं छापलंय.

---

कवडसा

अबोली, आधी एक मोठा श्वास घ्या. तो ५० चा आकडा मोठ्या माणसांचा आहे. पहिल्या काही महिन्यांत निरोगी बाळांचं कॅलप्रोटेक्टिनही काही शेकड्यांत असू शकतं. नुसत्या त्या आकड्यावरून काही ठरत नाही.

हसणारं, वाढणारं बाळ आणि रक्ताची रेघ, याचं सगळ्यांत नेहमीचं कारण दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी किंवा छोटी फिशर, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर. डॉक्टरांना दाखवा. ते आईच्या आहारातून दूध बंद करायला सांगतील, आणि बहुधा काही दिवसांत ते दोन आठवड्यांत फरक दिसेल. ओंजळच्या बाळाच्या बाबतीत पहिला अंदाज चुकीचा नव्हता. दूध बंद करूनही रक्त थांबेना, त्यात ताप आला, गळू झालं, वजन ढासळलं, तरी अंदाज तोच राहिला, हे चुकलं.

मी कशाकशाला दचकते ते सांगते: गुदद्वाराशी गळू, भगंदर किंवा मोठे मांसल कोंब, वजन-उंचीची रेषा सोडणं, परत परत न्यूमोनिया, कानातून पू किंवा खोल जंतुसंसर्ग, न हटणारा एक्झिमा, तोंडातले मोठे व्रण, केस लोकरीसारखे विरळ आणि ठिसूळ असणं, रक्तातल्या प्लेटलेट कमी आणि आकारानं बारीक असणं, पोटाच्या आजारासोबत तान्हेपणीच मधुमेह. शेवटच्या गोष्टीत, बाळ मुलगा असेल तर फॉक्सपी३ जनुकाचा विचार आधी येतो.

आणि लसी मनानं थांबवू नका. मात्र प्रतिकारशक्तीच्या आजाराची शंका असेल तर लस देणाऱ्याला ते आधी सांगा, कारण बीसीजी आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी आहेत.

---

टिपकागद

मी जनुकीय प्रयोगशाळेत आहे. डीएचआरचा आलेख कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे भीती थोडी कमी होईल.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींना एक रंगद्रव्य पाजतात आणि मग त्यांना चिथावतात. पेशी निरोगी असेल तर आत रसायन तयार होतं आणि ती चमकायला लागते. पडद्यावर एक उंचवटा दिसतो. चिथावल्यावर तो आख्खा उंचवटा उजवीकडे सरकला, तर पेशी ठीक. सीजीडीत तो जागचा हलत नाही. एक्स गुणसूत्रावरच्या प्रकारात आईची तपासणी केली तर पुष्कळदा दोन उंचवटे दिसतात, काही पेशी चमकणाऱ्या, काही विझलेल्या. असा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ तसाच बघत बसलो होतो. आईकडून मुलाकडे काय गेलं, ते समोर दिसत होतं.

जनुकीय रिपोर्टबद्दल दोन गोष्टी. "काही सापडलं नाही" म्हणजे "काही नाहीच" असं नव्हे. एनसीएफ१ हे सीजीडीचं एक जनुक असं आहे की त्याच्यासारखीच दिसणारी दोन निकामी जनुकं शेजारी आहेत, आणि नेहमीच्या सिक्वेन्सिंगला (जनुकातली अक्षरं वाचण्याच्या पद्धतीला) त्यांतला फरक ओळखणं जड जातं. तिथे डीएचआरच कामाला येतो. रानजाई, तुमच्या मुलाचा डेटा एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासून मागा. रक्त नव्यानं द्यावं लागत नाही. यादीत दरम्यान नवी जनुकं आलेली असतात.

दुसरी गोष्ट व्हीयूएस. रिपोर्टवर ही तीन अक्षरं दिसली तर अर्थ एवढाच, की जनुकात बदल आहे पण तो दोषी आहे का ते अजून ठरलेलं नाही. कृपया त्यावर मोठे निर्णय घेऊ नका. आईवडिलांचं रक्त तपासून आणि पेशींवर प्रत्यक्ष प्रयोग करून त्याचा छडा लावता येतो.

एक खरी घटना सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एका लहान मुलाच्या आतड्याला अशीच भोकं पडत होती, शंभराहून जास्त वेळा त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागलं. शेवटी त्याचं एक्झोम वाचलं. हजारो बदलांतून गाळत गाळत एक्सआयएपी या जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीपर्यंत लोक पोचले. २०१० साली नाळेच्या रक्ताचं ट्रान्सप्लांट झालं, २०११ मध्ये शोधनिबंध आला. आज आम्ही जे काम रोज करतो त्याची सुरुवात अशा मुलांपासून झाली.

---

ओंजळ

टिपकागद, आभार. आता राहिलेलं लिहिते.

आयएल-१० म्हणजे काय, हे आम्हाला डॉक्टरांनी असं समजावलं. आतड्यात अब्जावधी जंतू कायम राहतात. त्यांच्याशी रोज लढायचं नाही, हे पेशींना कुणीतरी सांगावं लागतं. आयएल-१० हा तो निरोप: "पुरे, थांबा." माझ्या मुलीच्या शरीरात निरोप भरपूर तयार होत होता. पेशींना तो ऐकायचा कानच नव्हता. म्हणून स्टिरॉइड दिलं की दोन दिवस बरं आणि पुन्हा तेच. हा बिघाड पहिल्यांदा २००९ साली ओळखला गेला. तिचा जन्म त्याआधीचा असता तर नावही कळलं नसतं, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.

बीएमटीआधी तिच्या पोटावर स्टोमा काढला, म्हणजे शी खालच्या जखमांवरून न जाता पिशवीत येईल. पहिल्या रात्री मी पिशवीकडे बघू शकले नाही. आठवड्याभरात अंधारातही बदलता यायला लागली. जखमांची आग कमी झाल्यावर ती पहिल्यांदा सलग चार तास झोपली.

मॅरो तिच्या मोठ्या भावाचा जुळला. सख्ख्या भावंडाचा जुळण्याची शक्यता चारात एक असते. तोही वाहक निघाला, त्याच्यात एक बिघडलेली प्रत आहे. मी घाबरले, पण वाहकाचा मॅरो चालतो, एक चांगली प्रत पुरते. आधी तिचा जुना मॅरो मारायला केमो. मग तो दिवस. हातात मावेल एवढी लाल पिशवी, सलाईनसारखी लावलेली. इतकी वाट बघितली होती की काहीतरी मोठं घडेल असं वाटत होतं, आणि ती झोपून राहिली. सतराव्या दिवशी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर गेले, म्हणजे नवा मॅरो रुजला. नर्सनं काचेवर बाहेरून आकडा लिहून दाखवला.

सगळं सोपं गेलं असं नाही. अंगावर पुरळ येऊन नव्या पेशी तिच्या कातडीशी भांडल्या, औषधानं ते आटोक्यात आलं. लसी सगळ्या पहिल्यापासून परत घ्याव्या लागल्या. या बिघाडात लिम्फोमाचा धोका असतो, म्हणून ट्रान्सप्लांट फार लांबवू नये असा डॉक्टरांचा आग्रह होता. तो मानला, याचं आज समाधान आहे.

---

रानजाई

ओंजळ, एक विचारू? नको वाटलं तर उत्तर देऊ नका. रिपोर्टमध्ये स्वतःचं नाव आलं तेव्हा कसं सहन केलंत? आमचा रिपोर्ट कोरा आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, की माझ्याकडून काही गेलं नाही. नंतर त्या वाटण्याचीच लाज वाटली.

---

ओंजळ

लाज कसली. मलाही तसंच वाटलं असतं.

जनुकतज्ज्ञांनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. नवरा चौकोन, मी गोल, दोघंही अर्धे काळे. खाली मुलीचा गोल पूर्ण काळा भरला. मी त्या अर्ध्या काळ्या गोलाकडेच बघत होते. त्या म्हणाल्या, प्रत्येक माणसात असे काही झाकलेले बिघाड असतातच, तुमच्या दोघांचे एकाच जनुकात जुळले एवढंच. हे पटायला मला वर्ष लागलं. नवऱ्याला त्याच दिवशी पटलं. त्यावरून आमचं भांडणही झालं.

पुढच्या प्रत्येक गर्भात २५ टक्के शक्यता आहे. गरोदरपणात दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासून कळू शकतं, हेही सांगितलं. आम्ही तिसरं मूल न घेण्याचं ठरवलं. दुसऱ्या कुणी वेगळं ठरवलं तर तेही बरोबरच.

---

टिपकागद

पुरवणी: हे प्रमाण ओंजळच्या प्रकारासाठी आहे. एक्सआयएपी, फॉक्सपी३ आणि सीजीडीचा एक प्रकार एक्स गुणसूत्रावर असतात. तिथे आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता, आणि मावशीचीही तपासणी करावी लागू शकते. काही वेळा आईत काहीच नसतं, बिघाड बाळातच नव्यानं झालेला असतो. म्हणून आधी आईला तपासा, मग घराण्याला सांगा.

---

अबोली

कळवायला आले. डॉक्टरांनी तपासलं, गुदद्वार नीट आहे. दूध बंद करून बारा दिवस झाले. नवव्या दिवसापासून रक्त नाही. वजन १८० ग्रॅम वाढलं. दोन महिन्यांनी परत बोलावलंय. वाढीच्या तक्त्याची एक प्रत मागून घेतली आणि ठिपके स्वतः जोडले.

---

उंबरठा

डीएचआर झालेला नव्हता. आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्या क्षणभर थांबल्या, म्हणाल्या करूया, आणि डोस चार दिवस पुढे ढकलला. रिपोर्ट काल आला. उंचवटा पूर्ण सरकलेला आहे, म्हणजे नॉर्मल. त्यांनी इम्युनोग्लोब्युलिन आणि एक्सआयएपीचं प्रथिनही बघितलं, ते ठीक आहे. आज सकाळी पहिलं इन्फ्लिक्सिमॅब लागलं. आता सलाईन संपत आलंय, तो झोपलाय आणि मी शेजारी बसून हे टाइप करतोय. जनुकीय चाचणीचं रक्तही त्याच सुईतून काढून घेतलं, वेगळी टोचावी लागली नाही. रिपोर्टला काही आठवडे लागतील. आला की इथेच लिहितो.